मावशीची जुनी जोडणी

मावशीच्या उजव्या कानामागे, हाडाच्या आत, एक बारीक यंत्र बसवलेलं होतं. कानावर अडकवलेला बाहेरचा भाग आवाज पकडून आत पाठवायचा. त्या जोरावर ठार बहिरी मावशी शेजारणींच्या भांडणात पंच म्हणून बसायची.

आई गेल्यावर भाच्याला तिनंच वाढवलं. तो इंजिनिअर झाला. टीव्ही, फोन, स्पीकर, कानातली यंत्रं यांनी एकमेकांशी कसं जोडून घ्यायचं, याचे नियम ठरवणाऱ्या समितीत त्याला घेतलं.

"म्हणजे तू यंत्रांच्या सोयरिकी जमवतोस," मावशी म्हणायची.

मग पुढच्या पिढीचे नियम ठरवायची बैठक आली. जुनी जोडणी कायमची बंद करायची, असं मसुद्यात होतं. मावशीच्या यंत्राला तेवढी एकच जोडणी कळत होती.

भाचा उठून म्हणाला, "बाहेरचा भाग बदलता येतो. आतला बदलायचा तर शस्त्रक्रिया लागते. म्हाताऱ्या माणसांना डॉक्टर हात लावत नाहीत."

अध्यक्षबाई सज्जन होत्या. "अशी माणसं किती उरली असतील?"

"माहीत नाही."

"प्रत्येक नव्या चिपमध्ये त्यांच्यासाठी जागा ठेवायची. कुठवर?"

"ती आहेत तोवर."

कुणी वाद घातला नाही. मतं घेतली. विरोधात त्याचा एकट्याचा हात होता.

घरी मावशीनं त्याचा चेहरा वाचला. "काय झालं?"

त्यानं सगळं सांगितलं.

"अजून ऐकू येतंय ना? मग आत्तापासून कशाला सुतक पाळायचं?"

जुन्या जोडणीचे बाहेरचे भाग बनायचे थांबले. भाचा मिळतील तिथून वापरलेले गोळा करत राहिला. कधी रुग्णालयातून, कधी माणूस गेलेल्या घरातून, खाली मान घालून मागून. तेही एकेक करून बिघडत गेले.

एका दुपारी भाजी निवडताना मावशीनं वर पाहिलं. "मिक्सर बंद का केलास?"

मिक्सर चालू होता.

त्यानं सेल बदलला, टोकं पुसली, उरलेसुरले भाग लावून पाहिले. शेवटी नवं यंत्र तिच्या कानावर चढवलं. त्याचा दिवा लुकलुकत राहिला. आतलं यंत्र त्याला सापडेना. भाच्याला नव्या जोडणीचे सगळे नियम पाठ होते, पण त्यातला एकही उपयोगाचा नव्हता.

"अरे, बोल ना काहीतरी," मावशी म्हणाली.

तो मघापासून बोलतच होता.

पुढं ओठ नीट दिसावेत म्हणून त्यानं मिशी काढली. तरी तिला निम्मंच कळतं. उरलेल्याला ती नुसती मान डोलावते.