दोन बोटं जास्त

ब्रिजटाऊनच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझ्या वडिलांचं शिवणाचं दुकान होतं. निळं दार, दाराशी पायमशीन, आणि भिंतीवर कुठल्याशा विलायती मासिकातून फाडलेलं एक चित्र: लांब कोटातली बाई, मागे बर्फ. वडिलांनी बर्फ कधी पाहिला नव्हता. पण त्या एका चित्राच्या आधाराने त्यांनी आमच्या बेटावरच्या किती बायका इंग्लंडच्या जहाजात चढवल्या, त्याला गणती नाही.

माप घेऊन झालं की ते सगळीकडून दोन दोन बोटं कापड जास्त सोडायचे.

"तिकडे खाऊनपिऊन अंग भरेल, बाई. मग कोट आवळायला नको."

कुणी हरकत घेतली नाही. बेटावर सगळ्यांनाच तसं वाटत होतं. पण तिकडे गेलेली एकही बाई भरली नाही. पहिल्याच हिवाळ्यात सगळ्या वाळल्या, आणि त्या दोन बोटांच्या फटीतून लंडनचा वारा आत शिरला.

हे मला पुरतं कळलं ते पुस्तकातून. युडोरा क्लार्क नावाच्या बाई तसाच कोट घालून लंडनला आल्या होत्या, आणि पुढे त्यांनी त्या प्रवासावर कादंबरी लिहिली. त्यात शिंप्याला दीड पान आहे. नाव बदललंय, पण दार निळंच आहे. बाईंनी खोटं काही लिहिलेलं नाही. तरी ते दीड पान वाचताना दरवेळी माझे कान तापतात.

लंडनच्या ब्रिक्स्टनमधल्या आमच्या छोट्या नाटकगृहात मी एकोणतीस वर्षं कपडेपट सांभाळते आहे. तिथे ही कादंबरी रंगमंचावर येणार म्हटल्यावर मला आनंद झाला, आणि धाकधूकही.

दिग्दर्शक ड्वेन होल्डर माझ्या भाच्याच्या वयाचा. साडेतीनशे पानांचं त्याने दोन तासांचं नाटक केलं, आणि ते करताना पुस्तकाचं हाड कुठे मोडू दिलं नाही. सगळ्यात मला आवडलं ते वेगळंच. पुस्तकात जहाज सुटलं की धक्क्यावरची माणसं पान उलटताच संपतात. ड्वेनने त्यांना संपू दिलं नाही. इस्मे, म्हणजे नाटकातली नायिका, लंडनला पोचते, खोली शोधते, हॉस्पिटलात फरश्या पुसते. आणि तिकडे रंगमंचाच्या डाव्या कडेला, अर्ध्या उजेडात, तिची आई, शेजारीण आणि शिंपी शेवटपर्यंत बसून असतात. आई मासे साफ करते, शिंपी सुईत दोरा ओवतो. तालमीत पहिल्यांदा ते पाहिलं आणि माझ्या हातातली टाचणी खाली पडली. जाणाऱ्यांची गोष्ट सगळे सांगतात. उरलेल्यांना बसायला जागा याने दिली.

पण शिंप्याचा प्रवेश आला की तालमीतली पोरं पोट धरून हसायची.

शिंपी करत होता लॅसेल्स पिनॉक. सत्तरीचा, जमैकाचा, आणि हसवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. चष्मा नाकाच्या टोकावर, टेप गळ्यात, आणि "दोन बोटं जास्त!" म्हणताना दोन्ही हात असे पसरायचा की जणू गाईचं माप घेतोय.

"लॅसेल्स, टेप गळ्यात नसते," मी एकदा म्हटलं. "मनगटाला गुंडाळलेली असते."

"तुमच्या बेटावर असेल. एवढंसं बेट. ड्रायव्हरने ब्रेक उशिरा दाबला तर बस थेट समुद्रात!"

"आणि तुमच्याकडे ब्रेकच नाहीत. ना बसला, ना तोंडाला."

सगळे हसले. मीही हसले. पण त्या दिवशी तालीम संपल्यावर मी ड्वेनपाशी गेले.

"ड्वेन, तो शिंपी माझा बाप आहे."

तो खुर्चीतून उठलाच. "आंटी, इतके दिवस बोलला नाहीत?"

"बाईंनी लिहिलंय ते खरं आहे. पण त्यांच्यानंतरचं त्यांना ठाऊक नाही. त्या गेल्या, आणि पुढच्या वर्षी एकीचं पत्र आलं. मिस्टर गिटन्स, तुमच्या कोटातून वारा येतो. बाबांनी ते तीनदा वाचलं. आमच्या घरात एकच जाड पांघरूण होतं, लाल फ्लॅनेलचं, तापाच्या दिवसांसाठी. त्यांनी ते उतरवलं आणि कात्री चालवली. त्या दिवसापासून जाणाऱ्या प्रत्येक कोटात, पाठीच्या अस्तराखाली, दोन खांद्यांच्या मध्ये एक तुकडा जायचा. कुणाला सांगायचे नाहीत. मी दहा वर्षांची होऊन इकडे निघाले तेव्हा पांघरुणाचा रुमाल उरला होता. तो माझ्या कोटात गेला."

ड्वेन परत खुर्चीत बसला. मग म्हणाला, "हे मला घालता आलं असतं तर! पण बाईंच्या वारसांची अट आहे, आंटी. कापा हवं तेवढं. नवा शब्द एकही नाही."

"कळलं," मी म्हटलं.

घरी आले. भात आणि खारा मासा केला, आणि तसाच झाकून ठेवला. इस्मेचा कोट अजून माझ्याच टेबलावर होता. अस्तर उसवायला किती वेळ लागतो? कपाटातून लाल फ्लॅनेल काढलं, तळहाताएवढं कापलं. शिवताना ओठांवर आपोआप बाबांचं गाणं आलं. ते त्यांनीच जुळवलेलं होतं, टाक्यांच्या तालावर.

*दोऱ्या दोऱ्या चाल रे, गाठीपाशी थांब,*
*जाणारीचं अंग राख, वाट तिची लांब.*

रंगीत तालमीच्या आधी अँथियाला कोट चढवला. इस्मे करणारी ही मुलगी, तिची आजी आमच्याच बेटावरच्या सेंट लूसी परगण्यातली. दोन बोटं सगळीकडून जास्त होती, खांदे लोंबत होते.

"आंटी, पाठीला काहीतरी ऊब लागतेय."

"अस्तर आहे."

तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं. रंगीत तालमीत तिने सगळं ठरल्याप्रमाणे केलं.

शनिवारी दुपारी पहिला प्रयोग. पुढच्या तीन रांगांत चर्चच्या म्हाताऱ्या, टोप्या घालून, पर्समध्ये नारळाचा ब्रेड. मी विंगेत उभी होते, हातात टाचण्यांची उशी.

शिंप्याचा प्रवेश आला. लॅसेल्सने हात पसरले. नाटकगृह हसून फुटलं. एक टोपीवाली तर ओरडली, "अगं, माझाही तिथलाच होता!" हशा आणखी वाढला. मी खाली बघत राहिले. बाबा, माफ करा, असं काहीतरी मनात आलं.

मग लंडन. अँथिया बस थांब्यावर उभी राहिली, दातावर दात वाजवत. पुस्तकातलंच वाक्य म्हणाली: "त्या दोन बोटांतून सगळं इंग्लंड आत येतंय." पुन्हा हशा.

इथे तिने कोट आवळून चालायला लागायचं होतं. ती चालली नाही. तिने हात मागे नेला, पाठीवर चाचपलं. मग कोट उतरवला. त्या थंडीत, कोट उतरवला! अस्तराचा टाका दातांनी तोडला आणि आतली बाजू लोकांकडे केली.

करड्या कापडावर लाल तुकडा, हाताने घातलेले बारीक टाके.

हशा मध्येच कुठेतरी विरला. एकही शब्द नव्हता. डाव्या कडेला अर्ध्या उजेडात लॅसेल्स बसला होता, सुई हातात. त्याने तो तुकडा पाहिला आणि चष्मा काढला. मग सुई खाली ठेवून त्याने आपल्या दोन खांद्यांच्या मध्ये पोचेल तेवढा हात मागे नेला, स्वतःलाच थंडी वाजल्यासारखा. समुद्र मध्ये होता, पण तिचा त्या तुकड्यावरचा हात आणि त्याचा पाठीवरचा हात एकाच जागी होते.

टोप्यांच्या रांगेतून कुणीतरी हलकेच म्हणालं, "माझ्याही कोटात होता गं. मला वाटलं, कापड कमी पडलं म्हणून ठिगळ जोडलंय."

अँथियाने कोट पुन्हा अंगात घातला, आवळला, आणि चालायला लागली.

पडदा पडल्यावर ड्वेन विंगेत आला. डोळे पुसत होता, आणि रागावल्याचं सोंगही करत होता. "आंटी, हे कुणी लिहिलं?"

"कुणी नाही. शब्द एकही वाढलेला नाही, मोजून घे."

"टाका रोज तोडावा लागेल तिला."

"मी रोज घालीन."

सोमवारच्या प्रयोगाआधी कपडेपटाच्या दारात लॅसेल्स उभा राहिला. गळ्यातली टेप त्याने काढून हातात धरली होती.

"मर्ल, कुठल्या मनगटाला?"

"डाव्या."

त्याने हात पुढे केला. मी गुंडाळून दिली.