चतुराबाईच्या हातचे धोंडे

चतुराबाईनं पुरण शिजत घातलं की दोन शेतं पल्याडची म्हैस दावं तोडून तिच्या दारात येऊन उभी राहायची. राजूरच्या अंगाला कुठंही लग्न निघो, पुरणाचा घाट तिच्याच हाती. अशा बाईच्या घरी तिचा परतूरचा जावाई भागवत सणासुदीला आला की उलट्या करी, आणि त्याही जेवणाआधी!

हाच तर घोळ होता. दिवाळसणाला डाळ अजून चुलीवर रटरटत होती आणि जावाई पहाटेच मोरीत वाकलेला. नागपंचमीला तेच. दिवसभर ओकाऱ्या, पाण्याचा घोटसुद्धा ठरेना. मग एकाएकी गडी ठणठणीत, वर भाकरी मागायला तयार. खाल्लंच न्हाई तर पडतंय काय? चतुराबाईनं डाळ बदलली, विहीर बदलली, तवा बदलला, लिंबू उतरवून टाकलं. नवरा तेवढा बदलायचा राहिला.

"जावयालाच पचंना, वऱ्हाडाला काय पचंल?" शेजारचा तातेराव गावभर म्हणत फिरला, आणि लग्नाची बोलावणी आटली.

मग अधिक महिना आला. जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेही गावादेखत. हे एक ताट त्याला पचलं तर आपल्या हाताचं नाव परत येईल, न्हाईतर कायमचं गेलं, हे चतुराबाईला कळून चुकलं होतं. भागवत संध्याकाळी आला आणि पहाटे पुन्हा मोरीत! या खेपेला तर ओठ वाळले, लघवी थांबली. जीप करून त्याला जालन्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं.

सलाईन लावून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी पण होतं का असं?"

"छे! आमच्याकडं कशाला होईल?" परतूरहून धावत आलेल्या भागवतच्या आई, गोजरबाई, पदर सावरत म्हणाल्या.

चतुराबाईची लेक वंदना भिंतीकडं बघत बोलली, "आत्याबाई, नणंदताईच्या साखरपुड्याला झाल्तं की. पोळ्याला बी झाल्तं."

"तू गप गं!"

"म्हंजे, इहीणबाई, तुमच्याकडं बी?" चतुराबाईचं तोंड उघडंच राहिलं.

"मला वाटलं, माझ्याच सयपाकात खोट हाय," गोजरबाई पुटपुटल्या. "तुमच्या कानावर गेलं असतं तर नाक कुठं ठेवलं असतं?"

दोन विहिणी इतके दिवस एकमेकींपासून एकच बादली लपवत होत्या!

तपासण्या साफ निघाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चक्री उलटीचा आजार दिसतोय. फेरी येते, जाते, मधल्या काळात माणूस चांगला असतो. अर्धशिशीच्या नात्यातलाच आहे हा. जागरण, उपाशी पोट, मनाची धांदल यानं उठतो. या खेपेला सासरवाडीला येण्याआधी काय केलं होतं?"

भागवत लाजला. "धोंडे जास्ती बसावेत म्हणून दिवसभर उपाशी राह्यलो. अन् मामीच्या हातचं खायचं म्हणून रातभर डोळाच लागला न्हाई."

"आनंदानं कुणी ओकतं का, बाई?" चतुराबाई चक्रावली.

"ओकतं. म्हणून जेवण वेळेवर, झोप वेळेवर. मळमळ सुरू होताच ही गोळी, अंधारी खोली, गलका बंद, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट. तेही ठरलं नाही किंवा लघवी कमी झाली, तर घरी बसायचं नाही, इथं यायचं."

महिना सरत आला तसा चतुराबाईनं फोन लावला. "जावाईबापू, सहज चक्कर मारा. खायला इशेष काई न्हाई." वंदनाला मात्र बजावलं, जेवू घालून, झोपवूनच आण.

ना पाहुणे, ना ओवाळणी. एरंडेल पाजावं तसं तोंड करून तिनं ताटात दोन धोंडे टाकले. भागवतनं ते निवांत खाल्ले. चतुराबाईला इतका आनंद झाला की हसायला ती गोठ्यात गेली.

पहाटे मोरीतून 'ख्वाऽऽ' असा आवाज आला! चतुराबाई गोळी घेऊन धावली, वंदनानं खिडकीवर गोधडी टाकली, आणि कुंपणापलीकडून तातेरावाची मान हातभर लांब झाली.

"मामी, गुळण्या करून राह्यलो," भागवत म्हणाला. "एखादा धोंडा उरला असंल, न्हाई का?"

"आधी नाष्टा. बराबर वेळेवर."

तातेराव कुंपणावरूनच ओरडला, "चतुराबाई, आमच्या शीतलच्या लग्नाचं पुरण तुमच्याच हातचं पाह्यजे बरं का!"

"हळू बोला, मेल्याहो," ती पदरात तोंड लपवून म्हणाली. "जावाई खूश होतील!"