पन्नासच्या वर लाल

मी एक नियम आहे. माणसं करतात आणि मोडतात तसला नव्हे. संगणकावरच्या तक्त्यात बसवलेला, ओळींना रंग देणारा. तीसपर्यंत हिरवा, तीस ते पन्नास पिवळा, पन्नासच्या वर लाल. एवढंच मला येतं. कशाचं काही वाटून घेणं माझ्या कामात बसत नाही.

२०१२ साली तळोज्यातल्या एका शिशाच्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या दवाखान्यात विनिता मॅडम रक्ततपासणीचे अहवाल भरायच्या. पनवेलहून कंपनीच्या बसने यायच्या, डबा टेबलावर ठेवायच्या आणि आधी पंखा लावायच्या. एका दुपारी त्यांनी मला तक्त्यात बसवलं. भट्टीवरचे अडतीस कामगार, अडतीस ओळी. प्रत्येक नावासमोर रक्तात शिसं किती, तो आकडा. आकडा आला की मी अख्खी ओळ रंगवायचो.

लाल ओळीच्या माणसाला भट्टीवरून काढायचं, असं ठरलेलं. कायम कामगार असेल तर पॅकिंगला. कंत्राटी असेल तर घरी, "बरा झालास की ये" असं सांगून. परत आलेला मी तरी कोणी पाहिला नाही.

गव्हाणचा काशिराम कंत्राटी होता, आठ वर्षं भट्टीवर. त्याचा आकडा चोपन्न आला. मी लाल केला.

तो चप्पल बाहेर काढून आत आला. "मॅडम, चार महिन्यांनी पर्मनंटची यादी लागतेय. आता घरी बसलो तर आठ वर्षं पाण्यात. मी ठणठणीत हाय, बघा ना."

"काशिरामभाऊ, लॅबचा कागद आहे. आकडा मला बदलता येत नाही हो."

"आकडा राहू द्या. रंग बदला."

विनिता मॅडमनी दाराकडे पाहिलं. मग मला उघडलं, पन्नास खोडला आणि सत्तर टाकला. "फक्त चार महिने हं," त्या म्हणाल्या. त्याला की मला, ते कळलं नाही.

पण मी एकट्याचा नियम नव्हे. काशिराम पिवळा झाला आणि त्याच्याबरोबर आणखी दोघे, ज्यांनी काही मागितलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेब आले. "अरे वा! एकही लाल नाही!" त्यांनी रंगीत प्रत काढून गेटवर लावली. सगळे खूश. मला काही वाटलं नाही.

पुढचे महिने एकसष्ट, पासष्ट, एकोणसत्तर. मी पिवळा रंग दिला. चौथ्या तपासणीला रक्त दिल्यावर काशिरामला बाहीचं बटण लावता येईना. मॅडमनीच लावून दिलं.

"कधीपासून होतंय हे?"

"हात आखडला असंल. यादी लागू द्या, मग बघू."

मॅडमचा हात माऊसवर आला, थोडा वेळ तिथेच राहिला आणि मग डब्याकडे गेला.

यादी लागली. काशिरामचं नाव तिसरं होतं. फिटनेसच्या कागदावर सही करायला तो दवाखान्यात आला, पण मनगट खाली पडलं आणि पेन सुटलं. दहावी पास माणूस, शेवटी अंगठा लावून गेला. आठवड्याने फोन आला की त्याचे दोन्ही हात आता उचलत नाहीत.

पुढच्या महिन्यात त्याची तपासणी झालीच नाही. आकड्याची जागा रिकामी राहिली. मला रिकामं म्हणजे शून्य. शून्य तीसच्या आत. मी काशिरामला हिरवा केला.

त्याची बायको कृष्णाबाई तपासणीचे कागद न्यायला आली. पडद्यावर तिला नवऱ्याचं नाव दिसलं.

"हिरवा म्हंजे बरा ना, मॅडम? मंग घरी यांना घास का उचलत नाय?"

विनिता मॅडमनी मला उघडलं, सत्तर खोडला, पन्नास टाकला. एका झटक्यात अकरा ओळी लाल झाल्या. मॅडम रडायला लागल्या. कृष्णाबाई मात्र एकाच ओळीकडे बघत होती. ती हिरवीच होती.

आता मी पन्नासवर आहे. एक मागणं आहे, तेही वाटतं म्हणून नाही, मला दिसत नाही म्हणून. माझ्या रंगावर जाऊ नका. माणसाला समोर बसवा आणि बाहीचं बटण लावायला सांगा.