म्हशींच्या जागी

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे आणि सध्या गोठ्यात राहतो. हसू नका. जन्मतः मी गोठ्यातला नाही. कारखान्यातून निघालो तो थेट एका डॉक्टरांच्या घरी गेलो आणि तिथे इमानेइतबारे बर्फ केला. मग डॉक्टरांनी मोठा फ्रिज घेतला, आणि मी सोलापुरातल्या गुरप्पा गवळ्यांकडे आलो.

गुरप्पांच्या चार म्हशी होत्या. बहात्तरच्या दुष्काळात ते गुरांच्या छावणीत त्यांच्याशेजारी झोपले, ताटातली भाकरी त्यांना चारली आणि चारही जगवल्या. त्यांच्या पत्नी शांतम्मा यांना मात्र शेणाचा वास येई. तो लग्न झाल्यापासून येतच होता. पण मुलगी दाक्षायणीला होटगीचं, रेल्वेतल्या क्लार्कचं स्थळ आलं, तेव्हापासून तो सहनच होईना.

"नोकरदार माणसं येणार. दारात शेण बघून उंबऱ्यावरनंच माघारी जातील की!"

"गवळ्याच्या दारात शेण नसंल तर काय अत्तर असंल व्हय?" गुरप्पा म्हणाले.

त्या घरातला हा शेवटचा विनोद.

म्हशी बाजारात गेल्या आणि मी आलो. बाहेरच्या खोलीत, पाहुण्यांच्या बरोबर समोर मला उभं केलं. डोक्यावर क्रोशाचा रुमाल, त्यावर प्लास्टिकची फुलं. गल्लीतल्या बायका माझ्यावरून हात फिरवून गेल्या. माझ्यात ठेवायला दूध मात्र विकत आणावं लागलं.

पाहुणे आले. मुलाची आई गंगम्मा गार सरबत प्यायल्या. त्यांनी दाक्षायणीला जवळ बसवून तिचे हात उलटसुलट पाहिले.

"धार काढायचा हात हाय पोरीचा. लई चांगलं. आता गोठा दावा की."

मुलगा क्लार्क झाला म्हणजे घरातल्या म्हशी गेल्याच, असं शांतम्मा धरून चालल्या होत्या. प्रत्यक्षात तो धारा काढूनच ड्यूटीवर जाई. आणि गवळ्यांत सोयरीक ठरते ती गोठा बघून.

"म्हशी इकल्या," शांतम्मा म्हणाल्या. "आता फ्रिज हाय."

गंगम्मांनी मला नीट न्याहाळलं.

"ह्यो किती लिटर देतो?"

कुणी हसलं नाही. त्या उठल्या. "दुष्काळात जगवलेली लक्ष्मी तुमी सुगीत हाकलली. तुमची पोर आमाला नगं, बाई."

दुसरं स्थळ आलं नाही. गोष्ट सगळ्या गोठ्यांत पोहोचली होती, आणि गोष्टीत मी होतो.

पुढे माझी मोटर बंद पडली. शांतम्मांना मी डोळ्यांसमोर नको झालो होतो. त्यांनी मला रिकाम्या गोठ्यात ढकलायला लावलं. दाक्षायणी आता दुसऱ्यांच्या म्हशींच्या धारा काढायला जाते. तिच्या लुगड्याला लागून शेणाचा वास रोज घरात येतो. ते लुगडं शांतम्माच धुतात.

गुरप्पांचं मन मात्र ठिकाणावर राहिलेलं नाही. पहाटे ते बादली घेऊन येतात, माझ्या अंगावर थाप मारतात, "सरक गं बये," म्हणतात आणि उकिडवे बसतात. मी सरकत नाही. त्यांची बोटं हवेतच चालत राहतात.

मग दाक्षायणी येते. "अप्पा, पुरं आता. लई दिलं तिनं आज," म्हणते, आणि रिकामी बादली पदराने झाकून आत नेते.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, असं आम्ही वस्तूंनी शेवटी सांगायचं असतं. माझं आता राखण्यासारखं काही उरलेलं नाही. पण पहाटे या दारावरून जाल, तर माझ्याकडे बघून हसू नका. गुरप्पांना वाटतं, म्हशीला दृष्ट लागेल.