सुतकातलं पाणी

“माय, पाय मागं घे!”

आशाबाईंचा एक पाय पानमळ्यात पडलाच होता. आरतीनं त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं.

“सुतकात आत जाऊन राहिली? वेल जळतीन ना!”

“आता काय हिरवेगार हायेत? तुह्या बापाले वाचवता नाही आलं. हेबी मरू देऊ काय?”

पानवेलीला विटाळ सोसत नाही म्हणतात. आत शिरताना चपला बाहेर काढायच्या, आणि घरात मरण झालं तर सुतक फिटेपर्यंत घरच्यांनी मळ्यात जायचंच नाही. तोवर शेजारीपाजारी पाणी सोडतात. हिवरखेडातली ही रीतच. पण त्या करोनाच्या साली रीती राहिल्या नव्हत्या. आरतीचे वडील खुशालराव अकोल्याच्या दवाखान्यातच वारले. तोंडही पाहायला मिळालं नाही. त्यानंतर आशाबाईंच्या दाराकडे कुणी फिरकलं नाही. वर वैशाखाचं ऊन. पानं कडेनं करपली होती, वेलींनी माना टाकल्या होत्या. हा मळा गेला तर नवा उभा करणारा माणूस आता घरात नव्हता.

“शेजारच्या देवीदासकाकाले म्हणून पाहू?”

“त्याचीच बायको, गोदाबाई, गेली ना परवा. त्याचा मळाबी तसाच वाळून राहिला.”

आशाबाई धुऱ्यावर, मळ्याच्या कडेच्या बांधावर बसल्या. इतके दिवस न आलेलं रडू आता आलं, तेही वेलींसाठी. नवऱ्यासाठी अजून फुटलंच नव्हतं.

दोन्ही मळ्यांच्या सामाईक विहिरीवरची मोटर सुरू झाली. पाणी सारणीतून धावत आलं. मळ्याच्या पलीकडच्या अंगानं देवीदास आत शिरला होता. अनवाणी, हातात फावडं. एकेका ओळीला तो पाणी वळवत होता.

“भाऊजी, बाहेर निघा! तुमच्या घरीबी सुतक हाय. समजत नाही का तुमाले?”

“समजते ना,” त्यानं वरही पाहिलं नाही. “माह्या घरचं सुतक माह्या वेलीले. तुमच्या वेलीचं अन् माह्या गोदाचं काय नातं?”

“असं कोनं सांगतलं?”

“कोनीच नाही. सांगनारे समदे दारं लावून बसले हायेत. मंग मीच ठरवलं.” तो थांबला. “पटत नसन तर निघतो, वहिनी.”

फावडं मात्र त्यानं खाली ठेवलं नाही. तापलेल्या मातीत पाणी चर्र करत जिरत होतं. आशाबाई धुऱ्यावरून उठल्या.

“मोटर चालू राहू द्या,” शेवटी त्या म्हणाल्या. “तुमच्या मळ्यात मी पाणी लावते.”

देवीदासनं मान डोलावून पुढच्या ओळीला पाणी वळवलं.

त्याच्या मळ्याच्या तोंडाशी आशाबाईंनी चपला काढल्या. पाणी सोडत त्या मधल्या ओळीपर्यंत आल्या आणि थबकल्या. अर्ध्या ओळीतल्या वेली शेवरीच्या झाडांना गवतानं बांधलेल्या होत्या. पुढच्या मोकळ्याच लोंबत होत्या. गोदाबाईला इथंच ताप भरला असावा. उरलेल्या गवताची जुडी तिथंच वाळत पडली होती.

आशाबाईंनी जुडी वाहत्या पाण्यात भिजवली. गवत मऊ होईस्तोवर त्या गोदाबाईची शेवटची गाठ निरखत राहिल्या. मग पुढची वेल उचलून त्यांनी शेवरीला टेकवली आणि गाठ अगदी तशीच मारली.