टूरचा मान

चौलचं बंदर दोन हजार वर्षं जुनं आहे आणि ते मी अर्ध्या दिवसात दाखवते. सकाळी आठ ते दुपारी एक. अडचण एवढीच, की बंदर दिसत नाही. खाडी गाळाने भरली, जहाजं मुंबईकडे वळली, आणि जिथे अरबांचे घोडे उतरायचे तिथे आता सुपारीच्या वाड्या आहेत. इतिहासात एम. ए. केलं तेव्हा वाटलं होतं, आपण नीट सांगितलं की लोकांना दिसेल. लोकांना सुपारी दिसते.

माझी टूर म्हणजे मी, माझा माइक आणि नदीमची बारा सीटची मिनीबस. नदीम रेवदंड्याचा. दहा वर्षं दोह्याला शाळेची बस चालवून परत आला, त्यामुळे अजूनही पाहुण्यांना डोकी मोजून चढवतो आणि खिडकीबाहेर हात काढला की ओरडतो. पाहुणे मुंबईची एक कंपनी पाठवते, दर रविवारी.

चूक पहिल्याच रविवारी झाली. एका बाईंना मळमळायला लागलं म्हणून आम्ही कोंडाजीकाकांच्या दारात गाडी थांबवली. कोंडाजीकाका म्हणजे गावदेवीच्या पालखीचे मानकरी. चैत्रात पालखी निघते ती पहिली त्यांच्या दारात थांबते आणि मग बाकीच्या घरांना जाते. वय ऐंशीच्या पुढे, कानाने जरा कमी, पण ते ऐकायचं नसेल तेव्हाच. काकींनी त्या बाईंच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं, शहाळं दिलं. एकीला दिलं म्हणून बाराही जणांना दिलं. बाईंना बरं वाटलं आणि आम्ही पुढे गेलो.

दुसऱ्या रविवारी काकांची शेजारीण ओवाळणीचं ताट घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी. "त्यांच्याकडं थांबलात, आमच्याकडं का न्हाय? आमच्या घराला काय इटाळ हाय?" तिच्याकडे थांबलो. तिच्याकडे थांबलो म्हणून तिच्या पलीकडच्यांकडे थांबावं लागलं. चौथ्या रविवारपर्यंत प्रकरण इतकं वाढलं की देवळात बैठक बसली आणि टूरचे मान ठरले. पहिला मान कोंडाजीकाकांचा, मग दुसरा, तिसरा, असे एकूण सतरा. यादी लॅमिनेट करून नदीमच्या काचेला आतून चिकटवली.

"काका, ही टूर आहे. पालखी नाही," मी म्हणाले.

"म्हणून तर," काका म्हणाले. "पालखीला शंभर वर्सांची सवय हाय, ती चुकत न्हाय. टूर नवी हाय. तिला शिस्त लावाया पायजे."

आता नुसतं पाय धुवायला थांबायचं म्हणजे घरमालकांनाच ओशाळल्यासारखं व्हायला लागलं. टूर आहे म्हटल्यावर दारात काहीतरी ऐतिहासिक हवं. मग प्रत्येक घराला इतिहास सापडला. चौथ्या मानाच्या घरी अरबांचा पाटा होता. त्यावर त्या सकाळची चटणी अजून ओली असायची. सातव्या घरी पोर्तुगीज किल्लेदाराची चावी होती. एका पाहुण्याने विचारलं, कुलूप कुठे आहे? घरमालक शांतपणे म्हणाले, "कुलूप पोर्तुगालला ऱ्हायलं." नवव्या घरी मागच्या परड्यातल्या विहिरीत एक सबंध जहाज बुडालेलं होतं. पाहुणे वाकून बघायचे आणि मी, विद्यापीठात दुसरी आलेली बाई, बाजूला उभी राहून नारळाच्या शेंड्यांकडे बघत असे.

पाहुण्यांनी कंपनीला लिहिलं, "एवढा मान सासरीसुद्धा मिळाला नाही. सतरा वेळा पाय धुतले. बंदर मात्र दिसलं नाही."

यादीत अठरावं घर नव्हतं. आमचं. आमची बौद्धवाडी गावाच्या खालच्या अंगाला, खाडीच्या काठावर. पालखी तिथे कधी गेली नाही, म्हणून टूरही जाणार नव्हती. बैठकीत मी हळूच विषय काढला होता. कोंडाजीकाकांना पहिल्यांदा ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा आलं.

"तुमीच तर छप्पन साली देव सोडलात ना गो? मंग आता मान कशाला पायजे?"

हे मी घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणजे चंदाबाई. जन्मभर खाडीत कालवं काढून मला शिकवलेली बाई. ती तव्यावर घावन टाकत होती.

"देव सोडला," आई म्हणाली. "पाव्हणे कुठं सोडले?"

आणि दर रविवारी बारा जणांचे घावन करायला लागली. ओट्यावर सतरंजी घालायची, स्टीलचे बारा पेले उपडे मांडून ठेवायची आणि सुनी शेळी मधे नको म्हणून तिला खाडीकाठच्या एका उभ्या काळ्या गोल दगडाला बांधायची. दीड वाजला की पेले परत फळीवर. सोमवारी, मंगळवारी आम्ही दोघी घावन खायचो. बुधवारपर्यंत सुनी खायची. शनिवारी तांदूळ भिजत घालताना आई विचारायची, "उद्या येतील?"

मला कोंडाजीकाकांचा राग यायचा. पण खरं सांगायचं तर जास्त राग माझाच यायचा. माइक माझ्या हातात होता. एकदा एका पाहुणीने विचारलंही होतं, तुमचं घर कुठे आहे? मी म्हणाले, "पुढे आहे," आणि सातव्या घरची चावी दाखवायला लागले.

मग कंपनीचा निरोप आला. या रविवारी पाहुण्यांना बंदर दाखवा, नाहीतर टूर बंद. मी नदीमला म्हणाले, आज कोणत्याही दारात थांबायचं नाही. सरळ खाली खाडीवर जायचं. गाळ तर गाळ, निदान पाणी तरी दिसेल. आणि मनात म्हणाले, वाटेत आमचं घर लागेल.

"मॅडम," नदीम काचेवरच्या यादीकडे बोट दाखवून म्हणाला, "रस्त्यात सतरा बाया ताटं घेऊन उभ्या असतात. गाडी कुणाच्या अंगावर घालू, ते यादीत लिहून द्या."

तेव्हा थांबलो. पहिल्या अकरा मानांना साडेअकरा वाजले. पाहुण्यांत राही म्हणून एक बाई होत्या. त्या मोठ्या बंदरावर कामाला होत्या, जहाजं धक्क्याला लावायचं काम. सुट्टीच्या दिवशीही बंदरच बघायला आलेली बाई! प्रत्येक दारात त्या पाय पुढे करायच्या, कुंकू लावून घ्यायच्या आणि मला विचारायच्या, "आणि धक्का कुठे होता म्हणालात?" मी घड्याळ बघायचे.

बाराव्या मानाला गाडी अडली ती अडलीच. ते घर दत्ताराम आणि त्याचा धाकटा भाऊ मोरेश्वर यांचं. गेल्याच आठवड्यात भाऊ वेगळे झाले, अंगणासकट घराच्या मधोमध भिंत घातली, पण यादी बदलायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. यादीत बारावा मान 'घराचा' होता. आता उजवीकडून दत्तारामची बायको ताट घेऊन आली आणि डावीकडून मोरेश्वरची. पाहुणे उतरले तसे सहा एकीने नेले, सहा दुसरीने. दत्ताराम म्हणाला, सहा म्हणजे अर्धा मान, मला पुरा पायजे. मोरेश्वर म्हणाला, थोरला म्हणून गाई घेतल्यास, आता टूरबी घेतोस काय? दोघांनी आपापली बाकडी आणून गाडीच्या पुढे आणि मागे आडवी टाकली. पुण्याचे एक काका ओल्या पायांनी भिंतीच्या अलीकडे होते, त्यांची बायको पलीकडे. ते भिंतीवरून एकमेकांना विचारत होते, तुझ्याकडे काय दिलं?

बारा वाजले. सव्वाबारा. मी माइकवरून सगळ्यांना गाडीत बसायला सांगितलं. कुणीही आलं नाही, कारण उजवीकडे आता खरवस निघाला होता.

शेवटी कोंडाजीकाका काठी टेकत आले. मागे निम्मा गाव. त्यांनी दोन्ही भावांचं ऐकून घेतलं, म्हणजे त्यांचे ओठ हलायचे थांबेपर्यंत वाट पाहिली.

"पालखीच्या टायमाला दोन घरांत मानाचा वाद झाला तर काय करतात?" त्यांनी विचारलं.

सगळा गाव एका सुरात म्हणाला, "मोकळी सोडतात!"

ही आमच्याकडची रीतच आहे. वाद मिटला नाही की पालखी भोयांच्या खांद्यावर मोकळी सोडायची. कुणी ओढायचं नाही, कुणी ढकलायचं नाही. देवी भोयांना नेईल ते दार मानाचं. मग त्यावर कुणी ब्र काढायचा नाही, आणि पहिल्या मानकऱ्याने त्या दारात बसून पाणी प्यायचं, म्हणजे निकाल पक्का.

"गाडी मोकळी सोडा," काका म्हणाले.

नदीमने माझ्याकडे बघितलं. मी नदीमकडे. दहा वर्षं वाळवंटात सपाट रस्त्यावर गाडी चालवलेल्या माणसाला उतार लगेच कळतो. बाकडी उचलली गेली. तो गाडीत बसला, गिअर काढला, हँडब्रेक सोडला आणि हात वर करून सगळ्यांना दाखवले.

गाडी क्षणभर उभी राहिली. दत्तारामने हात जोडले. मोरेश्वरने डोळे मिटले. मग गाडी कुरकुरली आणि उजवीकडेही नाही, डावीकडेही नाही, सरळ खाली निघाली.

आधी माणसाच्या चालीने. बायका ताटं सावरत तिच्याबरोबर चालत होत्या. कुणीतरी ढोल आणला. तेरावं घर गेलं, चौदावं गेलं, तिथल्या बाया "अगो, थांबली न्हाय, थांबली न्हाय!" म्हणत मागे लागल्या. सतरावं घर गेल्यावर डांबर संपलं आणि गाडीने जरा पाय उचलला. पाहुणे चपला हातात घेऊन पळत होते. पुण्याच्या काकांना बायको सापडली. नदीम वळणावर स्टिअरिंगला दोन बोटं लावत होता हे मी पाहिलं, पण मी तर देव न मानणारी. मी कुणाला सांगू? पालखीच्या मागे पळायची माझी ही पहिलीच वेळ होती, आणि मी सगळ्यांच्या पुढे होते.

गाडी आमच्या वाडीत शिरली. पंचशीलाच्या झेंड्याखालून गेली, विहाराच्या कोपऱ्यावर वळली, आमच्या ओट्याला घासून पुढे खाडीच्या काठापर्यंत गेली आणि काळ्या गोल दगडाला टेकून थांबली. सुनी शेळी दोरीसकट दगडावर चढून उभी राहिली.

ढोल थांबला. सगळा गाव आमच्या अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला. अंगणात मात्र कुणी पाय टाकेना.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. तिने गाडी बघितली, पाहुणे बघितले, मागची दीडशे माणसं बघितली.

"बाराच जणांचं केलंय," ती मला म्हणाली.

राहीबाई तोवर दगडापाशी गेल्या होत्या. त्यांनी सुनीला बाजूला केलं आणि दगडाच्या कमरेवरून हात फिरवला. तिथे सगळीकडून गुळगुळीत खाच होती, मनगट बसेल एवढी. लहानपणी मी त्या खाचेत पाय अडकवून वर चढायचे.

"ही शेळीच्या दोरीने पडली?" त्यांनी विचारलं.

"शेळी दोन वर्सांची हाय," आई म्हणाली.

"मग जहाजाच्या," राहीबाई म्हणाल्या. "नक्की कुणीतरी तपासून सांगायला हवं. पण आमच्या धक्क्यावर लोखंडी खुंटांना अशाच जागी झीज असते. अहो, बंदर इथे आहे!"

मी एम. ए. आहे. चौलवर मी पन्नास पानांचा निबंध लिहिला आहे, आणि तो मी त्या दगडाला टेकून लिहिला होता. मी खाली बसले आणि तोंडावर हात घेतला. हसत होते की रडत होते ते मला कळत नव्हतं. बहुतेक दोन्ही.

आईला बंदराचं काही पडलेलं नव्हतं. ती कोंडाजीकाकांकडे बघत होती. ते काठीवर दोन्ही हात ठेवून अंगणाच्या कडेला उभे होते. गाडी त्यांनीच मोकळी सोडायला लावली होती. गाव त्यांच्याकडे बघत होता. दत्ताराम, मोरेश्वर, सतरा बाया आणि सतरा ताटं.

आईने उपडे पेले सुलटे केले. एकात पाणी ओतलं आणि ओट्याच्या काठावर ठेवलं.

काकांनी एकदा गाडीकडे बघितलं, एकदा पेल्याकडे. मग त्यांनी चपला काढल्या, अंगण ओलांडलं आणि सतरंजीवर बसले. पेला उचलला. पिताना निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. आईने पेला परत भरला.

नदीम गाडीतून उतरून डोकी मोजत होता. माझ्याजवळ आला तेव्हा माझा माइक माझ्या हातात दिला. "मॅडम, पाहुणे खोळंबलेत. हे कुठलं ठिकाण, सांगा ना."

मी माइक चालू केला. सात रविवार मी याच माइकवरून अरबांचा पाटा आणि बुडालेलं जहाज सांगितलं होतं, घसा न खाकरता. आता पहिल्यांदा घसा खाकरला.

"मंडळी," मी म्हणाले, "हे माझं घर. आणि ही माझी आई, चंदाबाई."

"मोठ्यानं बोल," आई तव्यावर घावन टाकत म्हणाली. "कोंडाजीला ऐकाया कमी येतंय."