विमानापर्यंत गेलेली हिरवी रेघ

चाकणला पत्रा कापणाऱ्या एका कारखान्यात रिझवान लेझरच्या मशीनवर होता. बारा वर्षं तेच काम. जाड लोखंडी पत्रा लोण्यासारखा कापणारं ते मशीन, आणि त्याच्याभोवतीची शिस्तही तितकीच कडक. दार बोटभर उघडं राहिलं तरी मशीन सुरू होत नसे. आत बघायचं ते खास काचेतूनच. नवा माणूस लागला की पहिल्या दिवशी रिझवानच त्याला बजावायचा, बोट कापलं तर टाके पडतील, डोळा गेला तर गेला.

आणि हाच माणूस दर अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी शर्टाच्या खिशात हिरवं लेझरचं पेन अडकवून कुरुळीच्या माळावर जायचा. त्यात काही वावगं आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

माळावर जायचं ते तारे बघायला. तीन वर्षांपूर्वी त्याने घरीच आरसा घासून घासून सहा इंची दुर्बीण तयार केली होती. आधी तो आणि त्याची बायको सना दोघंच बघायचे. मग चाळीतले शेजारी आले, मग कंपनीतले. आता चाळीस-पन्नास माणसं बायकापोरांसकट जमायची. जागा होती कुलदीपची. कुलदीप गावातल्या जुन्या शेतकरी घरातला, रिझवानच्याच वयाचा, पस्तिशी ओलांडलेला. निम्मी जमीन कंपन्यांच्या शेडखाली गेली होती, उरलेल्यात कांदा होता, आणि तो स्वतः जागांचे व्यवहार करायचा. टेकाडाच्या मागे त्याचं एक पडीक रान होतं. कंपन्यांचे दिवे टेकाडाआड जात, म्हणून तिथं थोडंफार आकाश उरलं होतं.

एवढ्या माणसांना तारा दाखवायचा म्हणजे मोठी पंचाईत. तो बघा म्हटलं की दहा जण दहा दिशांना बघणार. पेनाची हिरवी रेघ वर सोडली की ती थेट ताऱ्याला जाऊन टेकल्यासारखी दिसायची आणि सगळ्या माना एकदम तिकडे वळायच्या. पेन ऑनलाइन मागवलेलं होतं. त्यावर पाच मिलिवॅट असं छापलं होतं, आणि तेवढ्याने कुणाला काही होत नाही असं त्याने कुठंतरी वाचलं होतं.

संक्रांत होऊन तीन-चार दिवस झाले होते. त्या शनिवारी कुलदीपची आई, शालनबाई, पहिल्यांदाच माळावर आल्या. पासष्टीच्या बाई. दीड वर्षापूर्वी त्यांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता, त्यामुळे थंडीवाऱ्याचं येऊ नका असं सून म्हणत होती. पण गावभरच्या बायका बघून आल्या आणि आपल्याच रानात आपणच न्हाई, हे त्यांना पटेना. कुलदीपने त्यांना पुढच्या रांगेत खुर्ची दिली.

साडेसात वाजले असतील. रिझवान गुरूवर दुर्बीण लावत होता. लोकांना तोवर काहीतरी दिसावं म्हणून त्याने पेन कुलदीपच्या हातात दिलं आणि कृत्तिकांचा झुबका दाखवायला सांगितलं. कुलदीपने दोन मिनिटं तो दाखवलाही. तेवढ्यात आळंदीच्या बाजूने एक विमान आलं. लोहगावच्या विमानतळावर उतरणारं, खाली आलेलं, पुढचे दिवे लावलेलं.

"थांबा, आता विमानाला लावून दाखवतो," कुलदीप म्हणाला.

माणसं हसली. रिझवानने मान वर केली तेव्हा हिरवी रेघ विमानाच्या नाकाशी होती आणि त्याच्याबरोबर सरकत होती. दुर्बीण तशीच टाकून तो धावला आणि त्याने कुलदीपचं मनगट धरून खाली ओढलं. पण कुलदीपचा अंगठा बटणावरच राहिला होता. रेघ आकाशातून सर्रकन खाली आली, खुर्च्यांवरून गेली, आणि शालनबाईंनी एकदम पदर डोळ्यांवर धरला.

विमान नेहमीसारखं पुढे निघून गेलं. शालनबाई म्हणाल्या की काय न्हाई, लुकलुकलं नुस्तं. तरी रिझवानने त्या दिवशी लवकरच आवरतं घेतलं. कुलदीप जरा खट्टू झाला. चारचौघांत असं मनगट पिरगाळायचं काय कारण होतं, ते त्याला कळलं नव्हतं.

रविवारी रिझवानला ओव्हरटाइम होता. सकाळी दहालाच कुलदीपचा फोन आला. आई म्हणते, डाव्या डोळ्याला धुरकट दिसतंय, दिव्याभोवती कडं दिसतंय. सोमवारी पिंपरीला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेतो. तो रागावलेला नव्हता. नुसतं सांगत होता.

त्या दिवशी कारखान्यात पत्र्यावर नंबर कोरणाऱ्या छोट्या लेझरची सर्व्हिस चालू होती. बाहेरून आलेल्या इंजिनिअरकडे झोताची ताकद मोजायचा मीटर होता. रिझवानने दुपारी जेवणाच्या सुटीत बॅगेतच राहिलेलं पेन काढलं आणि मोजून द्यायची विनंती केली. इंजिनिअरने चष्मा चढवला, पेन मीटरवर धरलं, आकडा बघितला, आणि खात्री करायला पुन्हा धरलं. साठ मिलिवॅटच्या वर. छापल्यापेक्षा बारा पट. त्याने पेन टेबलावर ठेवलं आणि हे कुणाच्या हातात देऊ नका, एवढंच सांगितलं. अशा स्वस्त पेनांवरचा आकडा खरा असेलच असं नाही, हेही सांगितलं.

रिझवानचा डबा तसाच राहिला. मशीनच्या दाराला कुलूप लावणारा आपण, आणि पन्नास माणसांत ही वस्तू मोजल्याशिवाय फिरवत होतो, हे त्याच्या डोक्यातून जाईना. मीटरचा आकडा त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हता. न सांगितला असता तर कुणी विचारणारही नव्हतं. शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर उभं राहून त्याने कुलदीपला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टरना हा आकडा सांगायलाच हवा, मीही बरोबर येतो, असंही म्हणाला. कुलदीप म्हणाला, सकाळी आठला निघू, माझ्या गाडीतच या.

घरी आला तर सना मोबाइल घेऊन बसलेली. माळावरच्या कुणीतरी शूटिंग केलं होतं आणि ते गावाच्या ग्रुपवर आलं होतं. विमान, त्याच्या नाकाशी हिरवी रेघ, आणि मागून हसण्याचा आवाज. हात कुणाचा ते दिसत नव्हतं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, रिझवानभाईंचा लेझर.

सनाने मोबाइल उलटा ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "तुमचं नाव आहे त्यात. विमान आहे. पुढचं मी बोलायला नको."

तिने बोलायची गरज नव्हतीच. रिझवानने रात्री वाचून काढलं ते आणखी धाबं दणाणणारं होतं. उतरणाऱ्या विमानाच्या काचेवर असा झोत पडला की तो काचभर पसरतो आणि वैमानिकाला काही सेकंद पुढचं दिसत नाही. विमानतळाभोवती असे झोत आकाशात सोडायला पोलिसांचे मनाई आदेश निघतात. विमानावर मारणं तर सरळ गुन्हा. तो पहाटेपर्यंत या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला.

सोमवारी हॉस्पिटलात शालनबाईंच्या डोळ्यांत थेंब घातले आणि तिघांना बाकावर बसवलं. बाहुली मोठी व्हायला अर्धा-पाऊण तास लागणार होता. रिझवानला त्यांच्याकडे बघवेना. शेवटी त्याने खाली बघूनच सांगितलं की मावशी, चूक माझी आहे, डोळ्याला काही झालं असेल तर जो काही खर्च येईल तो मी करीन.

शालनबाई डोळे मिटून बसल्या होत्या. "खर्चाचं ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "त्या विमानातल्या माणसांचं काय झालं, ते आधी कळलं का तुला? माझा येक डोळा हाय. तिथं दीडशे माणसं बसली व्हती."

रिझवानने सांगितलं की विमान सुखरूप उतरलं, त्याने शनिवारी रात्रीच मोबाइलवर तपासलं होतं. त्यावर त्यांनी मान हलवली. कुलदीप दुसरीकडे बघत होता.

तेवढ्यात रिझवानचा फोन वाजला. पोलीस चौकीतून. व्हिडिओबद्दल चौकशी करायची आहे, दुपारी या. तो हो म्हणाला. कुलदीपने काय झालं ते विचारलं. रिझवानने सांगितलं.

डॉक्टर मध्यम वयाच्या बाई होत्या. त्यांनी पेनाचा आकडा लिहून घेतला, अंतर किती होतं, रेघ किती वेळ पडली, बाई थेट तिकडे बघत होत्या का, सगळं विचारलं. डोळ्यात बघितलं, मग यंत्रावर डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर बोट फिरवत फिरवत तो बराच वेळ न्याहाळला. रिझवान भिंतीला टेकून उभा होता.

"पडदा अगदी चांगला आहे," त्या म्हणाल्या. "भाजल्याची कुठंही खूण नाही. झोत क्षणभरच गेला आणि पापणी मिटली. एकटक बघितलं असतं तर मला हे म्हणता आलं नसतं."

मग धुरकट का दिसतंय, असं कुलदीपने विचारलं. त्यावर डॉक्टरांनी समजावलं की ऑपरेशनमध्ये भिंग बसवतात त्याच्या मागचा पातळ पापुद्रा काही जणांचा वर्ष-दोन वर्षांनी गढूळ होतो. हे बरेच महिने हळूहळू होत आलं असणार. शनिवारी डोळ्यावर झोत पडला, बाईंनी एक डोळा झाकून दुसऱ्याने बघितलं आणि तेव्हा ते लक्षात आलं. उपाय पाच मिनिटांचा, दुखतही नाही. लेझरनेच त्या पापुद्र्याला खिडकी पाडायची.

"पुन्यांदा तेच?" शालनबाई म्हणाल्या.

डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, फरक एवढाच की हा किती ताकदीचा आहे आणि कुठं पडणार आहे ते आम्हाला ठाऊक असतं.

बाहेर आल्यावर रिझवान जिन्याच्या पहिल्या पायरीवरच बसला. दोन दिवसांत त्याने धड श्वास घेतला नव्हता असं त्याला वाटलं. जीव भांड्यात पडला होता, निदान निम्मा तरी. कुलदीपने आईला रिक्षात बसवून जवळच राहणाऱ्या आपल्या बहिणीकडे पाठवलं आणि गाडीची किल्ली काढली. रिझवान म्हणाला, मी बसने जातो चौकीला. कुलदीपने गाडीचं दार उघडून धरलं.

चौकीत फौजदारांनी व्हिडिओ लावून मोबाइल टेबलावर ठेवला. रिझवानचं नाव विचारलं, लिहिलं, आणि वर बघितलं. ती नजर आपल्यावर जरा जास्तच रेंगाळली असं रिझवानला वाटलं; कदाचित नसेलही. त्यांनी विचारलं, विमानावर लेझर का मारला?

त्याने तोंड उघडायच्या आत कुलदीप पुढे झाला. "साहेब, हात माझा होता. रान माझं, मारलाही मीच. यांनी तर येऊन माझा हात खाली ओढला. पुढचं शूटिंग बघा, ते कापलंय. माझ्याकडे पूर्ण आहे."

पूर्ण शूटिंग त्याने आदल्या रात्रीच मागवून ठेवलं होतं. त्यात रिझवान धावत येताना दिसत होता. फौजदारांनी ते दोनदा बघितलं. मग रिझवानने पेन टेबलावर ठेवलं आणि मोजलेला आकडाही सांगितला. पेन माझं आहे, मी न मोजता वापरलं आणि दुसऱ्याच्या हातात दिलं, तेवढी चूक माझी, असं तो म्हणाला. तुम्हाला हे कुणी मोजायला सांगितलं, असं फौजदारांनी विचारलं. कुणीच नाही, तो म्हणाला.

फौजदारांनी पेन पाकिटात घालून बाजूला ठेवलं. विमानतळाकडे फोन करून त्या वेळेची कुठल्या वैमानिकाची तक्रार आहे का ते विचारलं. उत्तर यायला वीस मिनिटं लागली, आणि ती वीस मिनिटं दोघांनीही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत घालवली. तक्रार नव्हती. फौजदारांनी दोघांना चांगलं खडसावलं, कुलदीपला जास्त. दोघांचे जबाब घेतले, लेखी समज दिली, पेन जमा करून घेतलं, आणि पुढचा कार्यक्रम कळवल्याशिवाय करायचा नाही असं सांगितलं. म्हणजे पुढचा कार्यक्रम करता येणार होता. हे रिझवानच्या लक्षात यायला दारापर्यंत जावं लागलं.

दोघं बाहेर उन्हात आले. कुलदीप म्हणाला, त्या दिवशी मनगट दुखलं राव. रिझवान म्हणाला, माफ करा. कुलदीप म्हणाला, मोडायलाच हवं होतं तुम्ही. मग दोघंही हसायला लागले, आणि हसू काही केल्या थांबेना. गेटवरचा हवालदार वळून बघायला लागला. रिझवानने सनाला फोन करून सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, जेवायला दोघं येताय का?

फेब्रुवारीतल्या कार्यक्रमाचं पत्र रिझवानने आठ दिवस आधी चौकीत दिलं. त्यात लिहिलं होतं की लेझर कुणीही आणणार नाही. आता तारा दाखवायचा तर माणसाच्या मागे उभं राहून, त्याच्या गालाशी हात नेऊन, बोटाने दाखवावा लागे. एकेकाला दोन-दोन मिनिटं लागत. माणसं मात्र पूर्वीपेक्षा उशिरापर्यंत थांबली. शालनबाईंच्या डोळ्याचं काम होऊन आठवडा झाला होता. त्या बायकांच्या घोळक्यात उभ्या राहून तिकांडं दाखवत होत्या, लहानपणी खळ्यावर राखणीला झोपताना त्यांच्या बापाने दाखवलेलं, तीन तारे एका ओळीत. एक नवी सून म्हणाली, मला नाही सापडत. शालनबाईंनी तिची हनुवटी धरून मान वर केली.

"घाई न्हाई," त्या म्हणाल्या. "दिसंल."